भिंगरीच्या पित्ताचं मूळ कारण

१ सप्टेंबर
डॉक्टरकडून आलो. नंबर लागायलाच दीड तास गेला. बाकावर माझ्या शेजारी बसलेल्या बाळाने माझ्या बाहीला नाक पुसलं.

आत डॉक्टरबाईंनी आमच्या पोरीला, भिंगरीला, वजनकाट्यावर उभं केलं, पाठ पाहिली, पोट पाहिलं. म्हणाल्या, या गांधी उठायला लागून दोन महिने होत आले, म्हणजे हे जुनाट पित्त, याला वेळ लागतो. मी कारण विचारलं. म्हणाल्या, बहुतेक मुलांमध्ये कारण सापडतच नाही, शोधत बसू नका, एक दिवस आपोआप जातं. तोवर हे ॲलर्जीचं सिरप. रोज संध्याकाळी, जेवणानंतर. गांधी असोत नसोत. बाटलीबरोबरच्या पिचकारीने, या खुणेपर्यंत, कारण डोस वजनावर ठरवलाय. घरातला चमचा वापरायचा नाही. मी सांगेपर्यंत बंद करायचं नाही. ओठ सुजला तर फोन करा, श्वासाला त्रास झाला तर थेट हॉस्पिटल.

बायको मान डोलावत होती. मी नाही डोलावली.

कारण सापडत नाही म्हणे! मी लिफ्टच्या मेन्टेनन्समध्ये उभी हयात घालवली. विनाकारण बंद पडलेली लिफ्ट अजून माझ्या बघण्यात नाही. माझ्या हाताखालचा टेक्निशियन असं बोलला असता तर त्याला शाफ्टमध्ये उतरवून वरून दार लावलं असतं.

संकल्प : भिंगरीच्या पित्ताचं मूळ कारण मी शोधून काढणार. मुदत ऑक्टोबरअखेर. तेव्हा तिच्या शाळेचं शिबिर आहे, दोन रात्रींचं, आणि वर्गबाईंनी बजावलंय की गांधी आटोक्यात असतील तरच नेऊ. शेवटच्या संध्याकाळी नाटक आहे. भिंगरी दवंडीवाला. पहिलं वाक्य तिचंच. घरातलं सगळ्यात मोठं ताट आणि डाव घेऊन ती सकाळपासून 'ऐका हो ऐका' करतेय. आठ वर्षांच्या पोरीच्या गळ्यातून एवढा आवाज येतो यावर खालच्या मजल्याचाही विश्वास बसत नाही. ते विचारायला आले होते.

ती शिबिराला जाणार. तीही औषधाशिवाय.

३ सप्टेंबर
औषधाबद्दल शांतपणे विचार केला. रोज द्यायचं हे मनाला पटत नाही. एवढ्याशा जिवाच्या पोटात उगाच कशाला ढकलायचं? सवय लागली तर? माझा नियम असा : गांधी दिसल्या की डोस, नाही दिसल्या की सुट्टी. सरळ हिशेब.

पिचकारी मी धुऊन कुठेतरी नीट ठेवली होती. इतकी नीट ठेवली होती की सापडत नाही. चमच्याने दिलं. चमचा तो चमचा. अर्धं फ्रॉकवर सांडलं, म्हणून अंदाजाने अजून थोडं दिलं. लिफ्टला ग्रीस घालतानाही आम्ही अंदाजच वापरतो.

५ सप्टेंबर
दिवस वाईट गेला. गुलाबी बिल्डिंगच्या सेक्रेटरीशी वाजलं. त्याला दर महिन्याची सर्व्हिसिंग नकोय. म्हणतो, लिफ्ट चालतेय ना, मग तेलपाणी कशाला, बंद पडली की बोलावू तुम्हाला. मी त्याला अर्धा तास सुनावलं. म्हटलं, साहेब, चालतेय ती तेलपाण्यामुळेच चालतेय. बंद पडल्यावर तेल घालणार असाल तर आत अडकलेल्या माणसाला काय सांगणार? त्याने चहासुद्धा विचारला नाही. काही लोकांना साधी गोष्ट कळत नाही त्याला आपण काय करणार.

घरी आलो. भिंगरीचं अंग स्वच्छ. म्हणून औषध दिलं नाही. समाधान वाटलं.

६ सप्टेंबर
पहाटेपर्यंत खाजवत होती. मांड्या, पाठ, कानाच्या मागे, सगळीकडे लालबुंद चकंदळं. बायको ओल्या फडक्याने पुसत बसली. मी पण जागाच होतो, म्हणजे बराच वेळ. शेवटी चमचाभर औषध दिलं. लगेच काही उतरलं नाही. यावरून औषधाची लायकी कळते.

भिंगरीने विचारलं की शिबिरात रात्री असं झालं तर मुली हसतील का. मी म्हटलं, होणारच नाही, बाबा आहे ना. तिने चादर डोक्यावर ओढली. समाधान झालं असावं.

१० सप्टेंबर
तपास जोरात. साबण बदलला. फरक नाही. कपड्यांची पावडर बदलली. फरक नाही, फक्त माझे शर्ट कडक झाले. उशा उन्हात टाकल्या, एक खाली पडली, ती कुत्र्याने नेली. भिंगरीची आवडती हिरवी चादर बंद केली. ती रडली, मग गांधी उठल्या. चादरीमुळे की रडण्यामुळे, हे ठरवता येईना, म्हणून चादर परत दिली.

बायको म्हणाली, तुमचं दाढीनंतरचं लोशनही बघा एकदा. इतका उग्र वास दुसऱ्या कशाला नाही. मी म्हटलं, तपासाला काही दिशा असावी लागते.

औषध चालू आहे. अधूनमधून.

१५ सप्टेंबर
शाळेतून फोन. भिंगरी गणिताच्या तासाला बाकावर डोकं टेकून झोपली आणि मधल्या सुट्टीतही उठेना. वर्गबाईंचा आवाज गोड होता. बाईंचा आवाज असा गोड झाला की आपलं काहीतरी चुकलेलं असतं.

झालं असं की सकाळी तिच्या गळ्यावर गांधी दिसल्या. नवीन बाटली संपत आलेली. फडताळात सर्दीच्या दिवसातली जुनी बाटली होती, तीही ॲलर्जीचीच, तसं लेबलवर छापलेलंच होतं. तीन चमचे दिलं. जुनी औषधं जोरदार असायची. तशी होतीही.

बायकोला सांगितलं नव्हतं. आता कळलं.

१६ सप्टेंबर
पुन्हा डॉक्टरबाई. मला बाहेर बसायला सांगितलं नाही याबद्दल त्यांचे आभार मानावेत की नाही कळत नाही. म्हणाल्या, त्या जुन्या औषधाने मुलं पेंगतात, शिवाय ते अंदाजाने द्यायचं नसतं. ती बाटली टाकून द्या. हे नवीन रोज पोटात गेलं तरच गांधी उठायच्या थांबतील. उठल्यावर द्यायचं औषध नाही हे, उठू नयेत म्हणून द्यायचं. आधी ठरलेला डोस रोज द्या, तरी पुरला नाही तर मी वाढवीन, तुम्ही नाही. मग विचारलं, आतापर्यंत सलग किती दिवस दिलंत? बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या जिराफाकडे पाहिलं. त्याच्या मानेवर सेंटिमीटर छापले होते.

बाहेर आल्यावर बायको केमिस्टकडे गेली. नवी बाटली, नवी पिचकारी. दोन्ही स्वतःच्या पर्समध्ये ठेवल्या.

माझ्याबद्दल लोकांचे गैरसमज फार लवकर होतात.

२१ सप्टेंबर
सापडलं!

गालिचा! मेहुण्याने घरभरणीला दिलेला जांभळा गालिचा. भिंगरी त्यावर लोळते, त्यावर अभ्यास करते, त्यावरच ताट बडवते. आज उचलून आपटला तर इतकी धूळ निघाली की मलाच शिंका आल्या. याहून मोठा पुरावा काय हवा? शिवाय तो गालिचा मला पहिल्यापासून आवडत नाही. माझं मन मला सांगत होतं, मीच ऐकत नव्हतो.

बायकोला सांगितलं. वाटलं होतं, भावाची वस्तू म्हणून चिडेल. पण ती शांतपणे म्हणाली, ठेवा माळ्यावर, टाकायचा मात्र नाही. आणि औषधाचं इथून पुढे मी बघेन, तुम्ही त्यात पडू नका. मी म्हटलं, आता बघायचं काय राहिलं, कारण गेलं की औषधही गेलं, आजपासून औषध बंद. ती म्हणाली, हं.

इतक्या लवकर पटेल असं वाटलं नव्हतं.

गालिचा माळ्यावर चढवताना पाठ धरली. तरी बरं वाटतंय.

२५ सप्टेंबर
गांधी कमी. काल दोनच होत्या, दंडावर. गालिच्याचा अंश घरात राहिला असेल. दोनदा झाडून घेतलं.

भिंगरी हल्ली जेवण झालं की केस विंचरायला आईबरोबर आतल्या खोलीत जाते. दार लावून घेतात. मायलेकींचं काहीतरी गुफ्तगू. पोरगी मोठी होतेय.

५ ऑक्टोबर
आठवडा झाला, एकही गांध नाही. रात्री घरात सगळे झोपतात. मी सुद्धा. आरशात चेहरा ओळखू आला.

डॉक्टरबाईंना फोन करून सांगावं असं मनात आलं. पण बिचाऱ्या एवढं शिकल्या, त्यांना वाईट वाटेल. मन मोठं केलं.

भिंगरीला विचारलं, गालिचा गेल्यावर कसं वाटतं? ती आईकडे बघून म्हणाली, छान वाटतं बाबा, तुम्ही शोधून काढलंत. मग मला मिठी मारली. खूप घट्ट मारली. पोरगी लोभस आहे.

१२ ऑक्टोबर
बायकोच्या कपाटात सेफ्टी पिन शोधताना औषधाची बाटली दिसली. औषध बंद आहे, तरी बाटली निम्म्याच्या खाली आलीय. झाकण सैल राहिलं असणार, आटलं. ही औषधं अशीच उडून जातात आणि लोक विकत घेत राहतात.

ऑफिसात साहेबांनी नव्या मुलांपुढे चार शब्द बोलायला सांगितलं. मी 'मूळ कारण' या विषयावर बोललो. लिफ्टपासून सुरुवात केली आणि गालिच्यावर आलो. एक जण जांभई देत होता, पण बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या. जेवायची सुट्टी झालीच होती.

१९ ऑक्टोबर
वर्गबाईंनी भिंगरीला शिबिराला घ्यायचं नक्की केलं. घरात दिवसभर दवंडी. 'ऐका हो ऐका, राजेसाहेबांची अंगठी हरवली आहे हो!' मी राजा, बायको प्रधान, फ्रिज म्हणजे जनता. भिंगरीने मला सांगितलं, बाबा, राजा इतका वाकून उभा राहत नाही. पाठ अजून धरलेलीच आहे.

तिने पुठ्ठ्याची पगडी केलीय. लिफ्टच्या बटणांचा खोका होता, त्याचा. आतल्या बाजूने 'वर' असा बाण छापलाय. म्हणते, राहू दे, मला आवडतो.

इतकी आनंदात मी तिला उन्हाळ्यानंतर पाहिली नव्हती. फार बरं वाटलं, आणि ते माझ्यामुळे झालं, हेही नोंदवून ठेवायला हरकत नाही.

२४ ऑक्टोबर, सकाळी
भिंगरी गेली. बस सुटेपर्यंत खिडकीतून ताट वाजवत होती.

एक गोष्ट बायकोला सांगितलेली नाही. सकाळी पिशवीची चेन नीट बसत नव्हती म्हणून उघडली. एका मोज्यात टणक काहीतरी लागलं. औषधाची बाटली, पिचकारीसकट! बायकोचा अजून धीर होत नाही. आईचं काळीज, मी समजू शकतो. पण पोरगी महिनाभर औषधाशिवाय खडखडीत बरी आहे, तिला शिबिरात मुलींसमोर आजारी माणसासारखी बाटली काढायला लावायची? मी हळूच काढून माझ्या हत्यारांच्या पिशवीत टाकली. मोजा परत गुंडाळून ठेवला.

शिबिरात गालिचा नाही. मी स्वतः फोन करून विचारलं होतं. सतरंज्या आहेत.

रात्री
बायको दोनदा म्हणाली, बाईंनी सगळं वेळेवर दिलं असेल ना? मी म्हटलं, जेवण का नाही देणार?

ती भांडी आवरायला गेली आणि धुतलेलीच पुन्हा धुतली. दमलीय ती.

२५ ऑक्टोबर, दुपारी दोन
काही विशेष नाही. एक साधा निरोप आला असता तर बरं झालं असतं.

त्याच दिवशी, उशिरा
दुपारी गुलाबी बिल्डिंगची लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये अडकली. सर्व्हिसिंग बंद केल्याला दोन महिने होतायत, दुसरं काय होणार. आत सेक्रेटरी स्वतः. मी वरून त्याच्याशी बोलत होतो तेवढ्यात वर्गबाईंचा फोन आला. भिंगरीच्या अंगभर गांधी उठल्यात, खालचा ओठ आणि एक डोळा सुजलाय. श्वास ठीक आहे. तिथल्या डॉक्टरांनी तपासलं, औषध दिलंय, घाबरू नका, पण या.

सेक्रेटरीला टेक्निशियनच्या हवाली केला. बायकोला घरून उचललं. गाडीत तिने पहिलंच विचारलं, रात्रीचा डोस दिला नव्हता का त्यांनी? मी म्हटलं, कसला डोस? ती म्हणाली, मी बाईंना सांगून ठेवलं होतं, बाटली मोज्यात आहे, जेवणानंतर द्यायची. रोज देते तशी.

रोज देते तशी.

मी गाडी चालवत होतो. रस्ता खराब होता. मागच्या सीटवर हत्यारांच्या पिशवीत काहीतरी खडखडत होतं आणि मला माहीत होतं ते काय आहे. पाना आणि टेस्टरच्या मध्ये. बायको म्हणाली, केमिस्ट दिसला की थांबवा, बाटली हरवली असेल तर दुसरी घेऊन जाऊ. पहिला केमिस्ट गेला. दुसरा आल्यावर मी गाडी थांबवली, उतरलो, मागचं दार उघडलं आणि पिशवीतून बाटली काढून तिच्या हातात दिली.

बाटलीवर ग्रीस लागलं होतं, ते तिने पदराने पुसलं. ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं.

पोहोचलो तेव्हा अंगणात नाटक चालू झालं होतं. भिंगरी ऑफिसच्या खोलीत बाकावर, अंगाभोवती शाल, मांडीवर पगडी. ओठ इतका जाड की हसली तेव्हा एकाच बाजूने हसली. बाहेर दुसरी कुठलीतरी मुलगी 'ऐका हो ऐका' म्हणत होती. बारीक आवाज होता तिचा. भिंगरीचे ओठ त्या वाक्याबरोबर हलत होते.

वर्गबाई हळू आवाजात म्हणाल्या, काल जेवणानंतर हिने स्वतःहून औषध मागितलं. पिशवीतलं सगळं काढलं, दोन्ही मोजे झटकले, उशीच्या अभ्र्यातसुद्धा पाहिलं. तुम्हाला फोन लावते म्हटलं तर नको म्हणाली. म्हणाली, बाबांना कळेल.

मी बाहेर जाऊन गाडीच्या काचा पुसल्या.

२६ ऑक्टोबर
सूज उतरली. रात्री डोस बायकोने दिला. या वेळी दार लावलं नव्हतं.

मी भिंगरीशेजारी बसलो आणि विचारलं, तुला माहीत होतं, आई रोज औषध देते? हो म्हणाली. मग मला का नाही सांगितलंस? ती म्हणाली, तुम्हाला गालिचा सापडला होता ना बाबा. तुम्ही किती खूश होता. आई म्हणाली, राहू दे, बाबा पण दमलेत.

सगळं घर माझं औषध झालं होतं आणि मला पत्ता नव्हता.

तरी गालिच्यात धूळ होती हे खरं आहे.

२९ ऑक्टोबर
गुलाबी बिल्डिंग. सेक्रेटरी म्हणाला, चला, आता नवी मोटर बसलीय, मग दर महिन्याला कशाला. मी नेहमीचं सुरू केलं. साहेब, चालतेय ती तेलपाण्यामुळेच चालतेय, बंद पडल्यावर... आणि पुढचं वाक्य तोंडातून निघेना. मी नुसता उभा राहिलो. त्याला वाटलं मला चक्कर आली. खुर्ची दिली, चहा दिला, आणि वर्षभराच्या सर्व्हिसिंगला हो म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा.

२ नोव्हेंबर
सकाळी माळ्यावरून गालिचा खाली काढला. पाठ पुन्हा धरली. बायको म्हणाली, राहू दे ना, मलाही आवडत नाही तो. तरी अंथरला. भिंगरी लगेच त्यावर आडवी झाली.

जेवण झाल्यावर मी विचारलं, आजचा डोस मी देऊ का? बायको म्हणाली, आधी हात धुऊन या. मग बाटली आणि पिचकारी पुढे केली आणि आतल्या खोलीत न जाता तिथेच दारात उभी राहिली. मी चष्मा लावला. पिचकारी उजेडात धरली. खुणेच्या वर गेलं, परत ढकललं, खाली आलं, परत ओढलं. मोटरची वायर जोडतानाही मी इतका वेळ लावत नाही.

भिंगरी पगडी घालून आली, ताटावर डाव मारला. ऐका हो ऐका, बाबा औषध देत आहेत हो! खालच्या मजल्याने छत ठोठावलं.

मग तिने तोंड उघडलं. मी आधी हात पाहिले, मान पाहिली, पाठ पाहिली. एकही गांध नव्हती.

तरी दिलं.